माकडांकडून येणारा नोलेसी मलेरिया: नेमका कोणाला होतो आणि का?

(चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

वनसीमा

मलेशियात २०१८ पासून माणसा-माणसांत पसरणाऱ्या मलेरियाचे स्थानिक रुग्ण शून्यावर आले. त्याच देशात नोलेसी या माकडांतल्या मलेरिया-परजीवीचे रुग्ण मात्र दरवर्षी हजारांच्या घरात निघतात, आणि त्यातले बहुसंख्य बोर्निओ बेटावरच्या साबाह आणि सारावाक या दोन राज्यांत. म्हणजे मच्छरदाण्या, फवारणी, रुग्ण शोधून औषध देणं या ज्या उपायांनी फॅल्सिपेरम आणि व्हायवॅक्स हे माणसांतले मलेरिया-परजीवी हटले, ते इथे पुरे पडत नाहीत.

जंगलाच्या कडेने काम करणाऱ्या मजुरांसाठी आणि त्यांच्या मुकादमांसाठी माहितीपत्रक लिहायचं आहे. त्यासाठी तीन गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत.

१. माकडं जवळपास असणं हाच मुख्य धोका आहे का? तसं असेल तर पत्रकात "माकडांपासून दूर राहा" हे सर्वांत वर यायला हवं.
२. लागण कोणाला जास्त होते आणि त्यामागे काय आहे: वय, काम, घर, शरीर?
३. लागण झालेल्यांपैकी कोणाची तब्येत गंभीर होते?

"जंगलात जाणं धोक्याचं" एवढं मोघम लिहून उपयोग नाही. ज्यांचं पोटच जंगलावर आहे त्यांना ते सांगण्यात काही अर्थ नाही.

किर्रझाडी

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक झाली तर सगळं पत्रक चुकेल.

माकड शेजारी असल्याने मलेरिया होत नाही. माकडाच्या अंगावरून, विष्ठेतून, उष्ट्या फळातून हा परजीवी येत नाही. मध्ये ल्यूकोस्फायरस गटातला एनॉफिलीस डास लागतो. साबाहमध्ये हे काम मुख्यतः बालाबासेन्सिस करतो, सारावाकच्या कापित भागात लॅटेन्स, आणि मलाया द्वीपकल्पातल्या पाहांगमध्ये क्रेसेन्स. या गटातले डास झाडीतले आहेत. सावली, ओलावा आणि जमिनीवर साचलेलं थोडंसं पाणी त्यांना हवं असतं.

सिंगापूरचं उदाहरण बघा. तिथे वस्तीजवळच्या उद्यानांत फिरणारी, लोकांच्या हातून खाणारी लांब शेपटीची मकाक माकडं तपासली तेव्हा त्यांच्यात नोलेसी आढळला नाही. लष्करी सरावासाठी राखलेल्या दाट जंगलातल्या त्याच जातीच्या माकडांत मात्र तो भरपूर आढळला, आणि तिथले रुग्ण प्रामुख्याने सराव करणारे सैनिक होते. माकडाची जात तीच. फरक पडला तो डासांमुळे.

म्हणून धोका मोजायचा तर तीन गोष्टी एकत्र आल्या का ते बघायचं: परजीवी असलेली माकडं, ल्यूकोस्फायरस गटातले डास आणि त्या डासांच्या चावण्याच्या वेळी तिथे उघड्यावर असलेला माणूस. यातली एक जरी गळाली तरी साखळी तुटते. माकडं आपल्या हातात नाहीत. डास थोडेफार आहेत. माणसाची वेळ आणि जागा पुष्कळ अंशी आहे.

वेळेबद्दल: साबाहमध्ये बालाबासेन्सिसच्या चावण्याचा भर संध्याकाळी ६ ते ८ या दोन तासांत दिसतो, तोही घराबाहेर. मच्छरदाणीचा जोर कमी पडतो तो इथे. ज्या वेळी चावा बसतो त्या वेळी माणूस मळ्यातून परतत असतो, ओढ्यावर अंघोळ करत असतो, अंगणात चूल पेटवत असतो. दाणीत शिरेपर्यंत चावून झालेलं असतं. सारावाकमधला लॅटेन्स रात्री उशिरापर्यंतही चावतो. शिवाय तो उंच फांद्यांवर माकडांना चावतो आणि जमिनीवर माणसांनाही. झाडाच्या शेंड्यावरचा परजीवी खाली येतो तो या सवयीमुळे.

जागेबद्दल: सर्वांत वाईट जागा खोल जंगलात नसून जंगल तुटतं त्या कडेवर असते. झाडं तोडली की माकडांचे कळप उरलेल्या पट्ट्यांत गर्दी करतात आणि शेता-मळ्यांच्या कडेला खायला येतात. माणूस तिथेच राबत असतो. त्यात बालाबासेन्सिसच्या अळ्या सावलीतल्या तात्पुरत्या डबक्यांत वाढतात: लाकूड ओढणाऱ्या ट्रकच्या चाकांच्या चाकोऱ्या, जनावरांच्या खुरांचे खड्डे, नव्या कच्च्या रस्त्याच्या कडेचं पाणी. रस्ता काढणं म्हणजे डासासाठी ओळीने पाळणे मांडून ठेवण्यासारखं आहे. उत्तर साबाहमध्ये कुदात आणि कोता मारुदू या भागांतल्या गावांच्या अभ्यासात हेच दिसलं. भोवताली मागच्या काही वर्षांत जंगल घटलेलं आणि तरीही बऱ्यापैकी शिल्लक असलेलं, अशा गावांत नोलेसी जास्त होता.

पत्रकात "माकडांपासून दूर राहा" हे वाक्य वरच्या ओळीत नकोच. ते वाचून लोक माकडं हुसकावतील किंवा मारतील. कळप विखुरला तर परजीवी असलेली माकडं पुढच्या वस्तीकडे जातील, आणि डास आहेत तिथेच राहतील.

आकडेमोड

किर्रझाडींशी सहमत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच अंशी त्याच कुदात आणि कोता मारुदूमधल्या एका मोठ्या रुग्ण-तुलना अभ्यासात मिळतं. नोलेसीची लक्षणं असलेले रुग्ण आणि त्याच परिसरातले लागण नसलेले लोक यांची तुलना करून, बाकी घटकांचा प्रभाव वजा करून प्रत्येक घटकाच्या धोक्याचं गुणोत्तर काढलेलं आहे. १ म्हणजे फरक नाही, त्याहून जास्त म्हणजे धोका, कमी म्हणजे संरक्षण.

वय १५ किंवा जास्त आणि पुरुष असणं, या दोन्हींचं गुणोत्तर साधारण ४ च्या वर. उघड्यावर झोपणं सुमारे ३.६. मळ्यातलं काम सुमारे ३.५. मागच्या चार आठवड्यांत आसपास माकडं दिसल्याचं सांगणं २.९. प्रवास २.५. घराच्या भिंतींत फटी किंवा छप्पर आणि भिंत यांच्यामध्ये मोकळी जागा असणं २.२. घराभोवती उंच गवत २.१. शेतीचा व्यवसाय आणि झाडोरा साफ करणं, दोन्ही १.९ च्या आसपास.

शेवटची तीन, म्हणजे गवत, शेती आणि झाडोरा साफ करणं, फक्त नोलेसीचा धोका वाढवताना दिसली, इतर मलेरियाचा नाही. मला या यादीत हीच सर्वांत बोलकी वाटतात. झाडोरा साफ करणारा माणूस सावलीतल्या विश्रांत डासांना उठवतो आणि बहुधा दिवस मावळेपर्यंत तिथेच असतो.

पुरुष आणि प्रौढ हे घटक वाचताना जपून. पुरुषाच्या रक्तात काही वेगळं आहे असा याचा अर्थ नाही. मळा, लाकूडतोड, शिकार, रात्रीचा पहारा ही कामं कोण करतं त्याचं ते प्रतिबिंब आहे. त्याच भागात रक्तातल्या प्रतिपिंडांची आणि सूक्ष्मदर्शकाखालीही न दिसणाऱ्या लागणीची तपासणी झाली तेव्हा स्त्रिया आणि मुलांमध्येही लागण सापडली, पण बरेचदा लक्षणांविना. म्हणजे दवाखान्यातल्या नोंदवहीत दिसतो तितका हा फक्त पुरुषांचा आजार नाही. घराजवळच्या कडेवर लाकूडफाटा किंवा पाणी आणणाऱ्या बायकांनाही चावे बसतात. पत्रकावर फक्त कुऱ्हाड घेतलेल्या माणसाचं चित्र टाकू नका.

माकडं दिसण्याचं २.९ हे गुणोत्तरही किर्रझाडींच्या म्हणण्याच्या विरोधात जात नाही. माकडं दिसली म्हणजे तो माणूस जंगलाच्या कडेला होता, एवढं ते नक्की सांगतं. ज्याला ताप आहे त्याला माकडं जास्त आठवतात, हाही दोष अशा प्रश्नावलीत राहतो.

संरक्षण देणारे घटक: घराच्या भिंतींवर कीटकनाशकाची फवारणी ०.५. हा डास बाहेर चावणारा असूनही फवारणीने धोका निम्मा झालेला दिसतो, म्हणजे काही चावे घरात किंवा घराला लागून बसत असणार. भिंतीतल्या फटींच्या आकड्याशीही ते जुळतं. तेव्हा "बाहेरचा डास, फवारणी वाया" असं कोणी म्हणालं तर ते मान्य करू नका. घराभोवती भातखाचरं असली तर गुणोत्तर ०.१६ पर्यंत खाली. ऊन पडणारं मोकळं पाणी या डासाला नको असतं. घराभोवती विरळ, कोवळं जंगल असणंही ०.३५ वर होतं, म्हणजे "झाड दिसलं की धोका" हे समीकरण खोटं.

आता शरीर. जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांत धोका कमी दिसला, सुमारे ०.२. आणि तांबड्या पेशीवर डफी प्रतिजन (परजीवी ज्याला धरून आत शिरतो ते प्रथिन) नसेल तर नोलेसीला पेशीत शिरताच येत नाही. १९७० च्या दशकात नोलेसीवर काम करतानाच डफीचं हे महत्त्व प्रथम कळलं, मग पश्चिम आफ्रिकेतल्या बहुतेकांना व्हायवॅक्स का होत नाही हे कोडं सुटलं. पण डफी नसलेले लोक मुख्यतः पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या वंशाचे आहेत. आग्नेय आशियात जवळजवळ सगळ्यांकडे तो असतो, त्यामुळे तिथल्या मजुराला या संरक्षणाचा फायदा नाही.

आणखी एक शक्यता मांडली जाते: माणसांतला मलेरिया हटल्यावर लोकांची त्याविरुद्धची प्रतिकारशक्ती ओसरते आणि ती नोलेसीलाही थोडी अडवत असावी. तर्क पटण्यासारखा आहे, पण पत्रकात घालू नका, त्यावरून कोणी काही करू शकत नाही.

वनसीमा

फार उपयोगी. गवत, फटी आणि झाडोरा हे मुद्दे माझ्या डोक्यातच नव्हते.

तिसरा प्रश्न राहिला: गंभीर कोण होतं? आणि एक जोडप्रश्न. बऱ्याच जुन्या अहवालांत बोर्निओतले रुग्ण "मलेरी" (माणसांतला आणखी एक मलेरिया-परजीवी) म्हणून नोंदलेले दिसतात. ते सगळे नोलेसी होते का?

काचपट्टी

सगळे नाही, पण मोठा हिस्सा. सूक्ष्मदर्शकाखाली नोलेसीची कोवळी वलयं फॅल्सिपेरमसारखी दिसतात आणि वाढलेल्या अवस्था मलेरीसारख्या, पेशीच्या आरपार पट्टा ताणलेल्या. अनुभवी तंत्रज्ञही फक्त काचेवरून, म्हणजे काचपट्टीवरच्या रक्ताच्या लेपावरून, दोन्ही वेगळे करू शकत नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कापितच्या रुग्णांचे नमुने पीसीआरने (परजीवीचा डीएनए ओळखणाऱ्या चाचणीने) तपासले तेव्हा २०८ पैकी १२०, म्हणजे निम्म्याहून जास्त, नोलेसीचे निघाले, आणि त्यातले बरेच काचेवर मलेरी म्हणून नोंदलेले होते.

मी याला नुसता प्रयोगशाळेचा प्रश्न मानत नाही. हाही धोक्याचा घटकच आहे, आणि तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यात आहे. मलेरी सौम्य आणि संथ असतो, रक्तातलं त्याचं चक्र ७२ तासांचं. नोलेसीचं चक्र २४ तासांचं. फॅल्सिपेरम आणि व्हायवॅक्सलाही ४८ लागतात. म्हणजे नोलेसीची संख्या रोज एक उडी मारते. "मलेरीच आहे, गोळ्या घ्या, परवा या" असं सांगितलं तर मधल्या दोन दिवसांत दोन चक्रं होऊन जातात. बोर्निओतल्या काही मृत्यूंमध्ये हेच घडलं: मलेरीचं निदान आणि शिरेतून द्यायच्या औषधाला उशीर. या भागात नियम साधा ठेवावा, काचेवर मलेरी दिसला तर तो नोलेसी धरूनच उपचार.

गंभीर होणाऱ्यांत वय पुढे असतं. साधारण ४५ च्या पुढचे लोक जास्त अडचणीत येतात, लहान मुलांत आजार बहुधा सौम्य राहतो. आफ्रिकेतल्या फॅल्सिपेरमच्या अगदी उलट चित्र. दुसरा घटक परजीवींची संख्या. मायक्रोलिटरला १,००,००० च्या वर गेली तर ती एकटीच गंभीर आजाराची खूण. कावीळ असेल तर २०,००० च्या वरच गंभीर धरतात. मोजणी: जाड लेपावर २०० पांढऱ्या पेशी मोजेपर्यंत दिसलेले परजीवी मोजा, त्याला ८,००० ने गुणा, २०० ने भागा. २०० पांढऱ्या पेशींमागे ५०० परजीवी म्हणजे २०,०००. रुग्णाची खरी पांढऱ्या पेशींची संख्या हाताशी असेल तर ८,००० ऐवजी तीच घ्या, नाहीतर उत्तर फसतं.

मूत्रपिंड निकामी होणं, कावीळ, दम लागणं आणि रक्तदाब कोसळणं ही इथली नेहमीची गुंतागुंत. बेशुद्धी, जी फॅल्सिपेरममध्ये घाबरवते, ती इथे सहसा नसते. म्हणून "शुद्धीवर आहे, बोलतोय, तर बरा आहे" हा निकष इथे चालत नाही. प्लेटलेट जवळजवळ प्रत्येकात उतरलेल्या असतात. जंगलाच्या कडेहून आलेला ताप आणि कमी प्लेटलेट म्हणजे डेंग्यू, असं परस्पर ठरवून मलेरियाची काच न करणं हा या आजारातला फार घातक आडरस्ता आहे.

झटपट चाचणीच्या पट्टीवर विसंबू नका. एचआरपी-२ हे परजीवीचं प्रथिन शोधणारी पट्टी फक्त फॅल्सिपेरमसाठी आहे, तिला नोलेसी दिसतच नाही. एलडीएच हे परजीवीचं विकर शोधणाऱ्या पट्टीला तो कधी दिसतो, कधी फॅल्सिपेरम किंवा व्हायवॅक्सच्या रेघेवर उमटतो, आणि परजीवी कमी असतील तर बहुधा सुटतो. पट्टी निगेटिव्ह आली तरी जाड आणि पातळ लेप करायचे, आणि ताप राहिला तर १२ ते २४ तासांनी पुन्हा. पीसीआरसाठी नमुना गाळणकागदावर घेतला तर थेंब पूर्ण वाळू द्या, मगच सिलिका जेलसह बंद पिशवीत. ओला कागद पिशवीत कोंबला तर बुरशी येते आणि नमुना वाया जातो. पीसीआरमध्येही एक खाच आहे: सुरुवातीच्या काळात वापरलेले नोलेसीचे प्रायमर (परजीवीचा डीएनए हेरणारे छोटे तुकडे) काही व्हायवॅक्स नमुन्यांनाही चिकटत, त्यामुळे जुने निकाल वाचताना कोणते प्रायमर होते ते बघावं.

उपचार मात्र अवघड नाहीत. साध्या आजाराला आर्टेमिथर-ल्युमेफँट्रिन, तीन दिवसांत सहा मात्रा, स्निग्ध पदार्थासोबत, कारण पोट रिकामं असेल तर ल्युमेफँट्रिन नीट शोषलं जात नाही. गंभीर असेल तर शिरेतून आर्टेसुनेट, २.४ मिलिग्रॅम प्रति किलो, ०, १२ आणि २४ तासांनी, नंतर रोज एकदा. २० किलोखालच्या मुलांना ३ मिलिग्रॅम. नोलेसी यकृतात दडून राहत नाही, त्यामुळे व्हायवॅक्ससारखा प्रायमाक्विनचा लांब कोर्स लागत नाही. औषध उपलब्ध आहे, ते वेळेत पोहोचत नाही म्हणून माणूस दगावतो. दवाखान्यापासूनचं अंतर म्हणूनच धोक्याच्या यादीत लिहा.

किर्रझाडी

काचपट्टींनी अंतराचा मुद्दा काढला ते बरं झालं. मजुरांच्या तळांबाबत थोडं, कारण उघड्यावर झोपण्याचा ३.६ हा आकडा तिथेही लक्षात ठेवायला हवा.

तळाची जागा निवडताना जंगलाच्या कडेपासून जितकं दूर तितकं चांगलं, आणि चाकोऱ्यांचं पाणी तळाच्या बाजूला यायला नको. खड्डे मातीने बुजवणं हे तळाभोवती शक्य आहे, सगळ्या मळ्यात नाही. गवत तळाभोवती कापा, पण कापणी सकाळी उशिरा किंवा दुपारी करा, दिवस कलल्यावर नको.

झोळीत झोपणाऱ्यांना साधी चौकोनी मच्छरदाणी निरुपयोगी. झोळीसाठीची, कीटकनाशक लावलेली दाणी लागते. पाठ किंवा कोपर जाळीला टेकलं तर डास बाहेरून चावतो, आणि झोळीत पाठ टेकतेच. म्हणून खालचं कापड जाड हवं. दाणी अंधार पडायच्या आधी लावून ठेवा.

६ ते ८ साठी लांब बाह्या, लांब विजार आणि उघड्या त्वचेवर २० ते ३० टक्के डीईईटी (डास दूर ठेवणारं मलम किंवा द्रव). घाम आणि अंघोळ या दोन्हींनी ते उतरतं. अंघोळीनंतर पुन्हा लावायचं विसरतात, आणि ओढ्यावरची अंघोळ नेमकी त्याच वेळेत होते. मुकादमाने अंघोळीची वेळ ५ च्या आत आणली तर पैसा न घालता एक मोठा घटक कमी होतो. पर्मेथ्रिन हे कीटकनाशक (०.५ टक्के) फक्त कपड्यांना, त्वचेला नाही. ते कपडे ओढ्यात धुऊ नका, माशांना ते विष आहे.

रबराच्या मळ्यात चीक काढायला पहाटेपूर्वी निघणाऱ्यांनी हीच तयारी निघताना करावी, उजाडल्यावर नाही.

वनसीमा

अंघोळीची वेळ हा मुद्दा पत्रकात ठळक घेते. शेवटचं: एका मजुराकडून दुसऱ्याला लागण होते का? तळावर रुग्ण निघाला की बाकीचे त्याला वेगळा बसवतात.

आकडेमोड

निसर्गात माणूस-डास-माणूस अशी नोलेसीची सलग साखळी अजून सिद्ध झालेली नाही. रुग्णाला वेगळं बसवून काही साधत नाही. उलट लोक ताप लपवतात आणि उशीर होतो, तेव्हा पत्रकात हे स्पष्ट लिहा. एकाच तळावर चारजण आजारी पडले तर चौघांनाही एकाच जागी डास चावला असण्याची शक्यता जास्त.

पण "होऊच शकत नाही" असंही लिहू नका. १९३२ मध्ये कलकत्त्यात नोल्स आणि दासगुप्ता यांनी हा परजीवी सुईने रक्त टोचून माणसात नेऊन दाखवला होता. पुढे रोमानियात मज्जासंस्थेच्या उपदंशावर ताप आणण्यासाठी तो माणसांतून माणसांत टोचत गेले आणि १७० च्या आसपास फेऱ्यांनंतर तो इतका उग्र झाला की वापर थांबवावा लागला. माणसाच्या रक्तात रुळण्याची क्षमता त्याच्यात आहे. म्हणून रुग्णालाही मच्छरदाणीतच झोपवा, पण माणसांपासून तोडू नका.

आणि नोलेसी एकटा नाही. मलेशियात सिनोमोल्गी या दुसऱ्या माकड-परजीवीची माणसातली नैसर्गिक लागण २०१४ मध्ये नोंदली गेली. तो मात्र व्हायवॅक्ससारखा यकृतात दडतो. ब्राझीलमध्ये रिओ दि जानेरो राज्याच्या अटलांटिक जंगलात २०१५-१६ मध्ये सिमियम हा आणखी एक माकड-परजीवी माणसांत आढळला. तिथला डास झाडांवर वाढणाऱ्या ब्रोमेलिया या वनस्पतीच्या पानांत साचलेल्या पाण्यात वाढतो. तिथे चाकोऱ्या बुजवून काही होणार नाही. त्यामुळे बोर्निओचं पत्रक जसंच्या तसं दुसरीकडे लावू नका.

काचपट्टी

पत्रकाच्या मागच्या बाजूला एक रिकामी चौकट ठेवा: "मागच्या चार आठवड्यांत कुठल्या मळ्यात किंवा जंगलाच्या कडेला होतो, रात्री कुठे झोपलो." चावल्यापासून ताप यायला साधारण दीड-दोन आठवडे लागतात, तोवर माणूस गावी किंवा शहरात परतलेला असतो आणि तिथल्या डॉक्टरला मलेरिया सुचत नाही. चौकटीखाली एक ओळ ठळक अक्षरांत: "ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा, हा कागद दाखवा, आणि पट्टी निगेटिव्ह आली तरी काच करायला सांगा."